टीडीके : कॅसेटवाली कंपनी, की फेराइटवाली?

खणभाग_रेडिओ

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, ८८ सालापासून. परवा एक पोरगा एलईडी टीव्हीचा पॉवर सप्लाय बोर्ड घेऊन आला. आधी कुणीतरी त्यातला चोपर ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज हवं तेवढं करून देणारा) काढायला गेलं होतं आणि जोर लावून कोअरचे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यामधल्या गाभ्याचे, दोन तुकडे करून ठेवलेले. तुकडा भिंगाखाली धरून त्याला दाखवला, तुटलेली कड काळीभोर आणि खरखरीत, कपबशी फुटल्यावर दिसते तशी, लोखंडाची चमक कुठं म्हणजे कुठं नाही. वरच्या पिवळ्या टेपवर टीडीके छापलेलं. पोरगा म्हणतो, काका ही कॅसेटवाली कंपनी ना, ती तर कधीच बंद पडली.

त्याला उभ्याउभ्या पंधरा मिनिटं सांगितलं तरी माझं समाधान होईना, म्हणून इथं लिहितोय.

टीडीके म्हणजे तोक्यो देन्की कागाकु, आपल्या भाषेत तोक्यो विद्युत रसायन. नावात टेप नाही आणि कॅसेटही नाही. ७ डिसेंबर १९३५ ला ही कंपनी उभी राहिली ती एका मालासाठी, हा जो काळा तुकडा माझ्या टेबलावर पडलाय त्याच्यासाठी. फेराइट. १९३० साली तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत योगोरो कातो आणि त्यांचे सहकारी ताकेशी ताकेई यांनी लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून भाजली आणि त्यातून चुंबकीय गुण असलेली ही चिनीमाती तयार झाली. चिनीमातीच म्हणतो मी, कारण बनवायची रीत तीच, पूड करायची, साच्यात दाबायची, हजार अंशाच्या वर भट्टीत भाजायची. भाजल्यावर माल आक्रसतो, म्हणून साचा आधीच मोठा धरावा लागतो. कुंभाराला हे सांगावं लागत नाही.

कंपनी काढणारे केन्झो साइतो हे अकिता प्रांतातले, समुद्राकाठच्या निकाहो भागातले. हा माणूस आधी अंगोरा सशाच्या लोकरीच्या मागं होता, त्यातूनच कानेबो या मोठ्या कापड कंपनीच्या शिंगो त्सुदांशी ओळख झाली आणि पुढं फेराइटसाठी भांडवल लागलं तेव्हा तेच त्सुदा पाठीशी उभे राहिले. विचार करा, ३५ साल, हा पदार्थ नेमका कुठं विकला जाणार ते अजून ठरायचंय, आणि एकजण त्याच्यावर कंपनी काढतो, दुसरा पैसे देतो. १९३७ पासून रेडिओच्या यंत्रांसाठी कोअर मोठ्या प्रमाणात निघायला लागले.

आता याचं एवढं काय कौतुक, तर साधं लोखंड विजेला वाट देतं. कॉइलमधून उलटसुलट करंट गेला की लोखंडाच्या आतच गोल गोल एडी करंट फिरतात आणि ते नुसतं तापतं. ५० हर्ट्झला पातळ पत्र्या रचून भागतं, आपला जुना ई-आय पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर तोच. पण लाखभर हर्ट्झवर पत्र्या टिकत नाहीत. फेराइट चुंबकाचं काम करतं पण वीज जवळजवळ जाऊच देत नाही, त्यामुळं एडी करंट नाहीत, तापणं कमी. एवढ्या एका गुणावर ट्रान्झिस्टरमधली एरियलची काळी कांडी, जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवरचं योक, तिला हाय व्होल्टेज देणारा एलओटी, आणि आजचा मोबाईलचा चार्जर, सगळं उभं आहे. फ्रिक्वेन्सी वाढवली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो. पूर्वी बॅटरी एलिमिनेटर हातात घेतला की अर्ध्या विटेचं वजन लागायचं, आता तेवढीच पॉवर काड्यापेटीत बसते.

माझं म्हणणं एवढंच की टीडीकेला कॅसेटवाली कंपनी म्हणणं म्हणजे आंब्याच्या झाडाला कैरीचं झाड म्हणण्यासारखं आहे. कुणाकडं अजून माहिती असेल तर भर घाला.

कृष्णाकाठ

काका फार सुंदर लिहिलंय. पण माझ्यासाठी टीडीके म्हणजे कॅसेटच हो, त्याला इलाज नाही. आमच्या वाईच्या घरात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामानं १९८९ ला टेप करून ठेवल्यात, टीडीकेच्या डी ९० वर, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. त्यावर निळ्या शाईनं ‘आई - ओव्या - पुसू नये’ असं लिहिलंय आणि मागच्या दोन्ही खिट्ट्या मोडून टाकल्यात. दुसरी कुठली प्रत नाही. गेली वीस वर्षं कुणी लावली नाही, भीती वाटते गुंतली तर काय. अशी कॅसेट अजून वाजेल का? आणि मोबाईलवर कशी घ्यायची?

डिप्लोमा_थर्ड_इयर

सर मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे. फेराइटचं पुस्तकात एक पान आहे पण कुणी असं सांगितलं नव्हतं. प्रश्न असा की ही कंपनी फेराइटवरून कॅसेटकडे कशी काय गेली? मटेरियल तर वेगळं आहे ना.

खणभाग_रेडिओ

@कृष्णाकाठ ताई, कॅसेट अजिबात लावू नका, थांबा. रात्री सविस्तर लिहितो.

@डिप्लोमा_थर्ड_इयर वेगळं नाहीच, तेच तर सांगायचंय. टेपवरचा तपकिरी थर म्हणजे आयर्न ऑक्साइडची अतिशय बारीक पूड, चिकट द्रावात कालवून प्लास्टिकच्या पट्टीवर लावलेली. ज्यांची हयात आयर्न ऑक्साइड दळण्यात आणि भाजण्यात गेली त्यांना ते पट्टीवर पसरणं परकं नव्हतं. टेप त्यांनी पन्नाशीच्या दशकातच बनवायला घेतलेली, फिलिप्सनं कॅसेट आणली १९६३ ला, टीडीकेची कॅसेट आली १९६६ ला. तोवर कॅसेट म्हणजे भाषणं, डिक्टेशन यासाठी होती. १९६८ ला टीडीकेनं एसडी काढली, सुपर डायनॅमिक, ती गाणं ऐकण्याच्या लायकीची होती.

पण खरी करामत १९७५ ची, एसए. त्या काळी चांगली कॅसेट म्हणजे क्रोमियम डायऑक्साइडची. टीडीकेनं क्रोम टाळून आपल्या आयर्न ऑक्साइडच्याच कणावर कोबाल्टचा थर चढवला आणि त्याला अॅव्हिलिन नाव दिलं. डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रावर, स्विच क्रोमचाच, टाइप २, पण आत लोखंडाची पूड. ओळखीच्या मटेरियलवरच इतकं काम केलं की दुसऱ्याच्या मटेरियलची गरज उरली नाही. हे मला या कंपनीत सगळ्यात जास्त आवडतं.

एदोगावाकर

मी तोक्योत निशी-कासाईला राहतो, आयटीत आहे, बारा वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही. मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी आणि बायको निकाहोला जाऊन आलो. अकिताहून उएत्सु लाइनची गाडी, एका बाजूला जपानचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चोकाइ डोंगर, २२३६ मीटर, आम्ही गेलो तेव्हा माथ्यावर नुकतं पांढरं झालं होतं. बाकी सगळी भातशेती, कापणी झालेली. आणि त्या भातशेतीच्या मधे मधे टीडीकेचे कारखाने. मला वाटलं होतं मोठी औद्योगिक वसाहत असेल, तसं काही नाही, आपल्याकडं गावाबाहेर साखर कारखाना असतो तशी कंपनी गावात मुरलेली आहे.

तिथं त्यांचं संग्रहालय आहे. सुरुवातीचे फेराइट कोअर काचेमागं ठेवलेत, लहान लहान, काही बांगडीसारखे. मी पाच मिनिटं बघत उभा होतो, बायको म्हणाली यात काय बघायचंय. पुढं गेल्यावर कॅसेटची भिंत लागली तेव्हा तीच थांबली, तिच्या बाबांकडं डी ६० होत्या.

अजून एक. साइतोंना कंपनी काढायची होती ती आपल्या भागात धंदा यावा म्हणूनही. थंडीत तिकडं बर्फ पडतं, शेती बंद, माणसं बाहेरगावी कामाला जायची. आज निकाहो आणि आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या लोक टीडीकेत लागलेले आहेत. आपल्या कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल.

डिप्लोमा_थर्ड_इयर

वा, संग्रहालय बघायलाच पाहिजे कधीतरी. पण मग आता कॅसेट नाही तर ही कंपनी काय विकते? पेन ड्राइव्ह, हेडफोन यावर टीडीके बघितलंय मी.

एदोगावाकर

ते पेन ड्राइव्ह त्यांचे नव्हेत. २००७ ला कॅसेट, सीडी, डीव्हीडीचा ब्रँडचा धंदा इमेशन या अमेरिकन कंपनीला दिला, नाव वापरायच्या हक्कासकट. त्यानंतर दुकानात जे टीडीके नावाचं दिसायचं ते बहुतेक त्यांच्याकडचं. मूळ कंपनी तोवर आत गेली होती, म्हणजे वस्तूच्या आत. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर जे हेड तरंगतं ते टीडीके बनवते, डिस्कवर नाव दुसऱ्याचं. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते त्या सेन्सरवाली इन्व्हेनसेन्स २०१७ ला त्यांनी घेतली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एटीएल, फोनच्या लिथियम बॅटऱ्या करणारी, ती २००५ पासून टीडीकेची आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांमधली चीनची सीएटीएल आहे ना, ती २०११ ला याच एटीएलमधून वेगळी झालेली. तुमच्या हातातल्या फोनमध्ये टीडीकेची एखादी तरी वस्तू असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त नाव बाहेर कुठं दिसत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

नाशिकचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? टीडीकेनं २००८ ला जर्मनीची एपकॉस घ्यायला घेतली, आणि एपकॉसचा कारखाना आमच्या नाशिकला होता. एपकॉस म्हणजे सिमेन्स आणि मात्सुशिताची भागीदारी होती त्यातून आलेली कंपनी. फेराइटचा कारखाना पश्चिम बंगालात कल्याणीला, आणि नाशिकला कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून धरणारा भाग. म्हणजे जपानच्या भातशेतीतली कंपनी जर्मनीवरून फिरून गोदावरीकाठी आली.

मी स्वतः दुसऱ्या एका ठिकाणी फिल्म कपॅसिटरच्या लाइनवर नऊ वर्षं काढली, कंपनीचं नाव लिहीत नाही, पण काम सगळीकडं तेच असतं म्हणून सांगतो. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, केसापेक्षा कितीतरी पातळ, तिच्यावर अॅल्युमिनियम नाहीतर झिंकचा थर इतका विरळ की उजेडाकडं धरली तर पलीकडची खिडकी दिसते. दोन फिल्म एकावर एक, किंचित सरकवून, मशीनवर गुंडाळायच्या. मग रोलच्या दोन्ही तोंडांवर वितळलेल्या झिंकचा फवारा, ‘मेटल स्प्रे’ म्हणायचो आम्ही, त्या खोलीचा आवाज आणि वास दोन्ही घरी यायचे माझ्याबरोबर. फवारा नीट बसला नाही तर कपॅसिटर टेस्टला पास होतो आणि गिऱ्हाइकाकडं जाऊन उडतो, म्हणून त्या खोलीत नवीन माणूस एकटा सोडत नसत.

आणि या फिल्मची एक गोष्ट मला अजून जादूच वाटते. आत कुठं कच्चा ठिपका असला आणि तिथं स्पार्क पडला, तर त्या उष्णतेनं ठिपक्याभोवतीचा धातूचा थरच उडून जातो आणि जागा आपोआप मोकळी होते. कपॅसिटर स्वतःची जखम स्वतः भरतो, कपॅसिटी केसभर कमी होते एवढंच. टेस्ट रूममध्ये शांतता असली तर तो टिक आवाज ऐकू यायचा.

हे कपॅसिटर जातात कुठं, तर तुमच्या एमआयडीसीतल्या प्रत्येक पॅनलमध्ये. मोटारी, वेल्डिंग यामुळं पॉवर फॅक्टर (पीएफ), म्हणजे घेतलेल्या विजेतली खरी कामी येणारी किती ते प्रमाण, पडतो आणि बिलात फटका बसतो, म्हणून कपॅसिटर बँक लावतात. इचलकरंजीच्या मागवाल्यांना विचारा पीएफ म्हणजे काय, झोपेत सांगतील.

खणभाग_रेडिओ

@सातपूर_सेकंड_शिफ्ट दादा, दंडवत. बदललेले कपॅसिटर हजारांनी मोजले असतील मी, आत कसा बनतो ते आज कळलं.

आष्टी_पळापळ

माझा या विषयाशी संबंध नाही म्हणून लिहावं का नको असं झालं, पण लिहितो. मी आष्टी तालुक्यातला, धावायला जातो. टीडीके हे नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या छातीवर. २०१९, दोहा, वर्ल्ड चॅम्पियनशिप, ३००० मीटर स्टीपलचेस. हीटमध्ये त्याला दुसऱ्यांच्या पडापडीत अडथळा झाला, आपल्याकडून तक्रार गेली, ती मान्य झाली आणि तो फायनलला आला. फायनलला ८ मिनिटं २१.३७ सेकंद, नॅशनल रेकॉर्ड, तेरावा नंबर आणि ऑलिंपिकचं तिकीट. आम्ही तो फोटो मोठा करून तालमीत लावलाय, बिल्ल्यावर तीन अक्षरं स्पष्ट दिसतात. तेव्हा वाटलं काहीतरी बुटाची कंपनी असेल. आता कळलं.

एदोगावाकर

@आष्टी_पळापळ संबंध कसा नाही! १९८३ ला हेलसिंकीला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हापासून टीडीके प्रायोजक आहे. २०२३ ला बुडापेस्टला नीरजनं ८८.१७ मीटरला गोल्ड घेतलं तेव्हाही त्याच्या बिल्ल्यावर तेच नाव होतं. म्हणजे कॅसेट सोडली, रेकॉर्डिंगचा ब्रँड दिला, पण धावणाऱ्यांची साथ सोडली नाही. तुमच्या तालमीतल्या फोटोला आमचा नमस्कार सांगा.

खणभाग_रेडिओ

@कृष्णाकाठ ताई, आता कॅसेटचं. सावकाश वाचा.

आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर काहीच करू नका. नसेल तर समोरच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो, तो आहे का बघा. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग टेप हेडला टेकतच नाही, लोक समजतात आवाज गेला. आवाज गेलेला नसतो, फेल्ट गेलेला असतो. कॅसेट स्क्रूवाली असेल तर टेप दुसऱ्या चांगल्या डबीत बदलता येते, चिकटवलेली असेल तर जरा कौशल्याचं काम.

खिट्ट्या मोडल्यात ते मामांनी फार शहाणपणाचं केलंय, चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी दाबलं जाणार नाही. त्यावर चिकटपट्टी लावू नका.

वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं गुंडाळायची, म्हणजे वीस वर्षं एकमेकांना चिकटून बसलेले पदर सुटतात. ९० ची टेप ६० पेक्षा पातळ असते म्हणून गचके नकोत, चांगला डेक पाहिजे, जत्रेतला प्लेअर नको. हेड आधी आयसोप्रोपिलनं पुसायचं. मग अॅझिमथ. मामांनी ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात आपलं हेड यायला हवं, नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो, तो कणाकणानं फिरवत कान लावायचा, ‘स’ आणि ‘च’ ही अक्षरं सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात तिथं थांबायचं. मोबाईल समोर धरून रेकॉर्ड करू नका, डेकच्या लाइन आउटमधून वायर कॉम्प्युटरला, आणि पहिली प्रत वेव्ह फाइलमध्येच.

हे सगळं वाचून धास्ती वाटली तर वाई ते सांगली काही लांब नाही. मी करून देईन, पैसे नकोत.

डिप्लोमा_थर्ड_इयर

सर, त्या पोराच्या तुटलेल्या कोअरचं काय झालं मग? अॅराल्डाइटनं चिकटवला तर चालतो का?

खणभाग_रेडिओ

चांगला प्रश्न. चालतो आणि नाही चालत. सरळ तडा असेल, कपची उडाली नसेल, तर अगदी पातळ थर लावून घट्ट दाबून चिकटवता येतो. पण मधे कागदाएवढी जरी फट राहिली तरी ती हवेची फट होते, इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला अडवायची कॉइलची ताकद, पडतो आणि करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट तापून जातो. चोपरमध्ये मधल्या पायात कंपनीनं मुद्दाम मोजून फट ठेवलेली असते, आपण दुसरी घालायची नाही. या केसमध्ये कपची हरवली होती, म्हणून मी भंगारच्या बोर्डावरून त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर काढला. काढताना हॉट एअरनं सावकाश गरम करायचा, वार्निश सैल पडतं. जोर लावला की फुटलाच, पुन्हा सांगतो, हे लोखंड नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या रविवारी मी आणि मामा कॅसेट घेऊन सांगलीला गेलो होतो. काकांनी आधी अर्धा तास ती नुसती बघितली. फेल्ट खरंच पडला होता, डबीतच एका कोपऱ्यात सापडला. टेप दुसऱ्या डबीत घातली, पुढं-मागं गुंडाळली आणि मग लावली.

सुरुवातीला जात्याची घरघर, बराच वेळ. मग आजीचा आवाज, ‘चालू हाय का रं त्ये?’ आणि मामाचा, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, ‘हाय, तू म्हण.’ मामा आता सत्तावन्नचा आहे. दुकानात स्टुलावर बसून ऐकत होता, काहीच बोलला नाही, फक्त काकांना म्हणाला पुन्हा पहिल्यापासून लावा.

खणभाग_रेडिओ

ताई, अ बाजू पूर्ण उतरली आहे, फाइल पेन ड्राइव्हवर दिलीच आहे, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. शेवटच्या तीन मिनिटांत आवाज जरा दबतो, ते टेपचं नाही, मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरत आले असावेत, कारण मशीन मंद झाल्यामुळं आता लावताना ओवी हळूहळू चढ्या पट्टीत जाते. तेवढा भाग वेग जुळवून पुन्हा घेतो. ब बाजू शनिवारी करतो, मामांना घेऊन या.